नवे महापौर आले, आता वर्षभरात त्यांच्याकडून काय करून घ्यायचं?

टिळकवाडी_कट्टा
शनिवारी, 15 मार्च 2025 ला, आपल्या बेळगाव महापालिकेत महापौर-उपमहापौर निवड झाली. मंगेश पवार महापौर, वाणी जोशी उपमहापौर. दोघंही भाजपचे, दोघंही दक्षिण मतदारसंघातले. हारतुऱ्यांचे फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरून झालेत, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे "अभिनंदन, मराठी माणूस बसला!" असे फोनही येऊन गेलेत.
मला विचारायचंय ते एवढंच: हे कोण, इथवर कसे आले, आणि बारा महिन्यांत त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची? घोषणा नकोत. आपल्या गल्लीचं, शिवाराचं, पाण्याचं बोला.

शहापूरकर
पार्श्वभूमी मी सांगतो, बाहेरगावच्या लोकांसाठी.
सध्याचं सभागृह सप्टेंबर 2021 च्या निवडणुकीतलं. 58 वॉर्ड. पक्षांनी पहिल्यांदाच स्वतःच्या चिन्हांवर लढवलेली ही निवडणूक. त्याआधी सगळे अपक्ष, आणि मग मराठी गट, कन्नड-उर्दू गट अशी मोजणी व्हायची. भाजपला 35 जागा, काँग्रेसला 10, आणि महाराष्ट्र एकीकरण समितीला हाताच्या बोटांवर मोजाव्या लागल्या. निकाल लागला, पण पहिला महापौर बसायला फेब्रुवारी 2023 उजाडला. 17 महिने नगरसेवक निवडून आलेले होते आणि सभागृहच नव्हतं! कारभार प्रशासकाच्या हातात.
मग शोभा सोमनाचे झाल्या. 2024 मध्ये पद अनुसूचित जातीतल्या महिलेसाठी राखीव होतं, सविता कांबळे झाल्या. आता पवार. म्हणजे याच सभागृहातले हे तिसरे महापौर. एका वर्षाची मुदत, दरवर्षी वेगळं आरक्षण. खुर्ची ऊबदार होते न होते तोवर उठायची वेळ येते.

कॅम्पातला
पार्श्वभूमी म्हणताय तर खाऊ कट्टा गाळलात की ओ.

शहापूरकर
गाळला नाही, पुढच्या पोस्टमध्ये लिहिणार होतो. तूच लिही.

कॅम्पातला
लिहितो. गोवावेसला महापालिकेच्या जागेत खाऊ कट्टा उभारला. तिथले गाळे दोन नगरसेवकांच्या पत्नींच्या नावावर आहेत अशी तक्रार झाली. प्रादेशिक आयुक्तांनी सुनावणी घेऊन फेब्रुवारी 2025 मध्ये जयंत जाधव आणि मंगेश पवार या दोघांचं सदस्यत्व रद्द केलं. ते उच्च न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली. आणि पुढच्याच महिन्यात त्यातले एक महापौर. मी फक्त घटनाक्रम सांगितला, बाकी ज्यानं त्यानं ठरवावं.

संपादक
सूचना: वरचं प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. घटनाक्रम ठीक, पण "खाल्ले", "चोर" वगैरे शब्द आले तर प्रतिसाद उडेल. दोन उडवलेले आहेत.

टिळकवाडी_कट्टा
मला वाटतं यात एक सरळ मागणी दडलेली आहे. महापालिकेच्या मालकीचे गाळे कोणते, कोणाला दिले, भाडं किती, थकबाकी किती, ही यादी वॉर्डवार बाहेर लावा. खाऊ कट्टाच नव्हे, सगळ्या बाजारांतले गाळे. महापौरांनी हे स्वतःहून केलं तर त्यांच्यावरचा आक्षेपही आपोआप कमी बोलला जाईल. नाही केलं तर लोक बोलणारच.

जुना_सीमावासी
तुम्ही लोक गाळ्यांचं आणि गटारांचं बोलताय. बोला. पण या खुर्चीला काय इतिहास आहे ते नव्या पोरांना कोणी सांगणार की नाही?
2005 साली विजय मोरे महापौर असताना सभागृहानं बेळगाव महाराष्ट्रात सामील करावं असा ठराव केला. ते बेंगळूरला गेले असताना त्यांच्या तोंडाला काळं फासलं. आणि शिक्षा कोणाला? महापालिकेलाच! सरकारनं सभागृह बरखास्त केलं. 2011 मध्ये परत तेच. मंदा बाळेकुंद्री महापौर, रेणू किल्लेकर उपमहापौर. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापना दिनी, मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत गेल्या म्हणून पुन्हा बरखास्ती.
तेव्हा महापौर होणं म्हणजे अंगावर घेणं होतं. आता महापौर निवडीआधी आमदाराच्या घरी बैठक होते आणि तिथं ठरतं कोणाचं नाव. आडनाव मराठी आहे याचा मला काय उपयोग? अर्ज द्यायला गेलो की कागद कानडीत, सभेचा अजेंडा कानडीत.

शहापूरकर
काका, आदर ठेवून बोलतो. 2013 च्या सभागृहात बहुमत आपलंच होतं. 2014 ते 2017 सलग चार महापौर समितीचे. 2018 ला पद अनुसूचित जमातीसाठी राखीव निघालं आणि आपल्या गटात त्या प्रवर्गातला एकही नगरसेवक नव्हता, म्हणून बहुमत असूनही बसप्पा चिक्कलदिन्नी महापौर झाले. हा दोष कर्नाटक सरकारचा की आपल्या तिकीट वाटपाचा? आरक्षण फिरतं हे काय तेव्हा नवीन कळलं होतं?
आणि 2021 ला एकेका वॉर्डात आपलेच तीन-तीन उमेदवार. मतं फुटली तर फुटणारच.

जुना_सीमावासी
फुटली नाहीत, फोडली.

शहापूरकर
फुटायला आपण तयार होतो म्हणून फोडली. असो. हा वाद इथं सुरू केला तर धागा 400 प्रतिसादांवर जाईल आणि बळ्ळारी नाला तसाच राहील.

येळ्ळूर_शिवार
नाल्याचं नाव काढलासा म्हणून लिहूलोय, नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस.
आमच्याकडं मेच्या शेवटाला धूळवाफ पेरणी. जून गेला की भात वर येतंय, आणि जुलैत दोन दिवस जोराचा पाऊस झाला की बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर, हलगा, सगळं एकच तळं. पाणी चार दिवसांत उतरलं तर रोप वाचतंय, आठ दिवस राहिलं की कुजलं. मग दुबार पेरणी. बियाणं परत, मजुरी परत. बेळगावची बासमती म्हणून नाव घेताय नव्हं, ती ह्याच शिवारातली.
आता नाला का तुंबतोय? एक, गाळ. दोन, जलपर्णी, हिरवीगार चादर पसरल्यासारखी. तीन, शहराचं सगळं सांडपाणी त्यातच. चार, हायवेखालची मोरी आणि नाल्याच्या काठावर टाकलेली भर. दरवर्षी आम्ही निवेदन देतोय. महापालिका म्हणतेय लघु पाटबंधारे खात्याला भेटा, ते म्हणतात हायवेवाल्यांना भेटा, हायवेवाले म्हणतात हद्द महापालिकेची.
आम्हाला महापौर मराठी असो, कानडी असो. गाळ एप्रिलात काढणार की ऑगस्टात फोटो काढायला येणार, तेवढं सांगा. मशीन जूनला आलं तर काय उपयोग, मशीनच चिखलात रुततंय.

अनगोळची_वहिनी
येळ्ळूरच्या भावोजींचं शंभर टक्के बरोबर.
आमचं म्हणणं पाण्याचं. शहरातल्या दहा वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं तो प्रयोग झाला, तेव्हा बाहेरून लोक बघायला यायचे. म्हणजे करून दाखवलंय. मग उरलेल्या 48 वॉर्डांनी काय पाप केलं? एवढी वर्षं झाली, पुढच्या योजनेसाठी सगळीकडं रस्ते खणून पाइप घालणं चाललंय. ज्या गल्लीत काल सिमेंटचा रस्ता झाला तिथं आज ब्रेकर. बायकांनी पाणी सुटायची वेळ धरून दिवस आखायचा. एखाद्या दिवशी उशिरा सुटलं तर नोकरीवाली काय करणार?
महापौरांनी एक करावं. कोणत्या गल्लीचं खोदकाम कधी, रस्ता परत कधी करणार, आणि जोडणी कधी, याचं वेळापत्रक नगरसेवकांच्या हाती द्यावं आणि त्यांनी गल्लीत लावावं. पाणी नाही तर निदान तारीख तरी द्या.

कॅम्पातला
वहिनी, मी तर महापौरांना मतही देत नाही आणि शिव्याही देऊ शकत नाही. आमचं कॅन्टोन्मेंट बोर्ड वेगळं. चार पावलं चाललं की हद्द बदलते, खड्डा मात्र तोच.

विणकर_वडगाव
राकसकोपचं धरण 1962 चं. तेव्हाचं बेळगाव केवढं, आताचं केवढं. हिडकल धरणाचं पाणी जोडलं म्हणून शहर तगलंय. उन्हाळ्यात पेपरात राकसकोपची पातळी क्रिकेटच्या स्कोरच्या वर छापतात, त्यावरून ओळखा.
माझा मुद्दा वेगळा. माग घरात, घर रेव्हेन्यू प्लॉटवर (बिगरशेती न केलेल्या जमिनीवर), लेआउट मंजूर नाही. वडगाव-खासबागला अशी घरं ढिगानं. ई-आस्ती (मालमत्तेचा ऑनलाइन उतारा) नाही म्हणून कर्ज नाही, नावबदल नाही. आता सरकारनं फेब्रुवारी 2025 पासून तीन महिन्यांची बी-खात्याची (अशा नामंजूर मालमत्तांच्या वेगळ्या नोंदीची) मोहीम काढलीय. पहिल्या वर्षी घरपट्टी दुप्पट भरायची, ते एक वेळ चालेल. पण मे महिन्यात मुदत संपणार आणि काउंटरवरची गर्दी बघता किती जणांचं होणार? एजंट मात्र खूश.
महापौर मराठीत बोलतात ना? मग वॉर्डा-वॉर्डात शिबिरं लावा, आणि कोणते कागद लागतात ती यादी मराठीत भिंतीवर चिकटवा. माझ्या आईला कानडी वाचता येत नाही. घर तिच्या नावावर आहे.

जुना_सीमावासी
हेच मी म्हणत होतो. फक्त मी रागानं म्हटलं, यांनी शांतपणे म्हटलं.

नवमतदार_22
एक प्रामाणिक प्रश्न. मराठीत कागद द्यायला महापौरांना अधिकार आहे का? की वरून बंदी आहे? मागच्या वर्षी बोर्डांवर 60 टक्के कन्नडचा कायदा झाला, त्यानंतर दुकानदारसुद्धा घाबरलेत.

निवृत्त_हेडक्लार्क
नगरपालिका-महापालिकांत बाकड्यांवर आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर सोडून द्या.
आधी प्रश्नाचं उत्तर. 60 टक्क्यांचा कायदा फलकांसाठी आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचं संरक्षण आहे ते वेगळं: ज्या भागात एखादी भाषा बोलणारे 15 टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात. बेळगाव शहरात मराठी लोक त्या आकड्याच्या कितीतरी वर आहेत. अडचण कायद्याची कमी, इच्छेची जास्त. अधिकाऱ्याला वाटतं नसतं लचांड कशाला. महापौरांना वाटतं बेंगळूरहून फोन यायला नको. कन्नडसोबत मराठी द्या, एवढीच मागणी ठेवली तर तिला नाही म्हणणं अवघड आहे. "कन्नड काढा" असं कोणी म्हटलं की विषय तिथंच मेला.
आता महापौरांचे अधिकार. लोकांना वाटतं महापौर म्हणजे शहराचा मालक. कर्नाटकचा महापालिका कायदा 1976 चा आहे. त्यात कारभार चालवायचा अधिकार आयुक्तांना, आणि आयुक्त सरकार नेमतं. महापौर सभेचे अध्यक्ष. बदली त्यांच्या हातात नाही, बिलावर सही त्यांची नाही. निवडणुकीतसुद्धा नगरसेवकांबरोबर आमदार-खासदार मतदान करतात, म्हणून जुना_सीमावासी म्हणतात ते आमदारांच्या घरच्या बैठकीचं खरं आहे. ते नुसतं राजकारण नाही, कायद्यानंच त्यांना मत दिलंय.
मग महापौरांच्या हातात काय उरतं? सभा. दर महिन्याला सर्वसाधारण सभा घ्यायची असते. तिथं विषय कोणता आधी, कोणाला बोलू द्यायचं, अधिकाऱ्याला उत्तर द्यायला उभं करायचं की "पुढच्या सभेत बघू" म्हणून सोडायचं, हे सगळं अध्यक्षाच्या हातात. मी असे अध्यक्ष बघितलेत की त्यांच्यासमोर अधिकारी फाइल नसताना यायला घाबरायचे. आणि असेही बघितलेत की राष्ट्रगीत झालं की सुटलो म्हणायचे.
दुसरं, स्थायी समित्या. चार असतात: कर-अर्थ-अपील, आरोग्य-शिक्षण-सामाजिक न्याय, नगररचना-सुधारणा, आणि लेखा. प्रत्येकीत सात सदस्य. खरं काम तिथं होतं आणि पेपरवाले तिथं जात नाहीत. गाळ काढायचा ठेका, कचऱ्याच्या गाड्या, पौरकार्मिकांचे (सफाई कामगारांचे) विषय, सगळं आधी समितीपुढं येतं. लोक महापौरांना हार घालायला जातात, आरोग्य समितीच्या अध्यक्षाचं नाव विचारलं तर दहातल्या एकालाही सांगता येत नाही.
तिसरं, बजेट. ते महापौर नव्हे, कर व अर्थ समितीचे अध्यक्ष मांडतात. हे दिवस त्याचेच आहेत. येळ्ळूरकरांनी जुलैत निवेदन देण्याऐवजी आत्ता द्यावं. एप्रिलात गाळ काढायचा तर बजेटात पैशाची तरतूद आजच लागते, आणि टेंडरला वेळ जातो तो वेगळा.

येळ्ळूर_शिवार
साहेब, हे आम्हाला कोणी कधी सांगितलंच न्हाई. आम्ही दरवर्षी नाला भरल्यावरच जातोय.

शहापूरकर
हेडक्लार्क साहेब, रस्त्यांबद्दलही लिहा. शहापूरच्या बँक कोपऱ्यापासून जुन्या पी.बी. रोडपर्यंतच्या रस्त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. स्मार्ट सिटीतून रस्ता रुंद केला, जागा रीतसर संपादन केली नव्हती, मालक कोर्टात गेले आणि 2024 मध्ये 20 कोटींच्या भरपाईची वेळ आली. शेवटी जागा परत द्यायचा निर्णय झाला. वापरातला रस्ता! 2016 च्या पहिल्या 20 स्मार्ट शहरांत आपलं नाव होतं म्हणून किती मिरवलं होतं.

निवृत्त_हेडक्लार्क
त्यात जास्त लिहिण्यासारखं नाही. संपादनाची फाइल पूर्ण नसताना काम सुरू करू नये, हे कुठल्याही क्लार्कला माहीत असतं. काम लवकर दाखवायची घाई वरच्यांना असते. नव्या महापौरांनी एकच विचारावं: अशी अजून किती प्रकरणं कोर्टात आहेत आणि एकूण किती रकमेची? त्याचं लेखी उत्तर सभेत घ्यावं. बजेट मांडण्याआधी घेतलं तर उत्तमच.

अनगोळची_वहिनी
आणि कचरा? तुरमुरीच्या कचरा डेपोजवळच्या लोकांचा विचार कोण करणार? आपण घंटागाडीत ओला-सुका एकत्र टाकतो आणि वास त्यांच्या अंगणात. आमच्या अपार्टमेंटमध्ये वेगळा करा म्हणून सांगितलं तर सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याशी दोघी बोलेनाशा झाल्या.

विणकर_वडगाव
वहिनी, गाडीवाला समोर दोन्ही एकातच ओततो. आधी गाडीत दोन कप्पे करा म्हणावं, मग आम्हाला शिकवा.

नवमतदार_22
मला या सगळ्यात एक कळत नाही. एका वर्षात एवढं होणार कसं? पाणी, नाला, ई-आस्ती, कचरा, गाळे, मराठी कागद. सगळं मागितलं तर काहीच मिळणार नाही.

टिळकवाडी_कट्टा
बरोबर आहे. धागा मी काढलाय तर माझं मत सांगतो. पाणी आणि कचरा ही वर्षात संपणारी कामं नाहीत. त्यात महापौरांनी प्रश्न विचारत राहावं, बस. पण गाळ काढणं, गाळ्यांची यादी, मराठीतून सूचना आणि ई-आस्तीची शिबिरं, यांना मोठा पैसाही लागत नाही, फक्त अध्यक्षाच्या खुर्चीवरून चार वेळा आवाज चढवावा लागतो. यात पहिलं गाळ काढणं, कारण त्याला जूनची मुदत निसर्गानंच घातलीय. यावर्षी शिवार बुडलं नाही तर मी पुढच्या निवडीला स्वतः हार घेऊन जाईन, पक्ष कोणताही असो.

जुना_सीमावासी
मी हार नेणार नाही. पण येळ्ळूरच्या लोकांबरोबर निवेदन द्यायला येतो. निवेदन मराठीत लिहायचं आणि पोहोच घ्यायची, शिक्का मारून. तोंडी "ठेवून जा" म्हटलं तर उठायचं नाही. आमच्या काळात आम्ही हेच करायचो.

निवृत्त_हेडक्लार्क
मराठीत लिहा, सोबत कन्नड प्रत जोडा. काका रागावू नका, कन्नड प्रत जोडली की "समजलं नाही" हे कारण उरत नाही. तीन प्रती करा: महापौर, आयुक्त आणि आरोग्य समिती अध्यक्ष. नाल्याचा कोणता तुकडा, कुठून कुठपर्यंत, कोणते सर्व्हे नंबर, हे लिहा. "नाला साफ करा" एवढंच लिहिलं तर चार झाडं तोडून फोटो लावतील.

कॅम्पातला
आणि विणकर भाऊ, मूळ घरपट्टीत एप्रिलमध्ये भरलं तर 5 टक्के सूट असते. माझ्या बहिणीचं घर तुमच्या हद्दीत आहे म्हणून माहीत. ती दरवर्षी मेमध्ये आठवण काढते.

येळ्ळूर_शिवार
सर्व्हे नंबर आमच्या शेजारच्या तलाठ्याकडनं काढून आणतो. अनगोळ आणि वडगावच्या शेतकऱ्यांनीपण आपापले द्यावेत, म्हणजे एकच निवेदन हुईल. मंगळवारी सुभाषनगरला महापालिकेत सकाळी कोण कोण येणार, इथंच नाव लिहा.

जुना_सीमावासी
मी येणार.

अनगोळची_वहिनी
मी आणि आमच्या गल्लीतल्या दोघी. पाण्याचं निवेदन वेगळं आणतो, नाल्यात मिसळू नका.